आपोआप निघणाऱ्या रिपोर्टची शीर्षकं, लेबलं आणि तळओळी: सुटं पानही समजलं पाहिजे

सॉफ्टवेअरमधून डेटा काढायला दोन मिनिटं पुरतात. पंचाईत पुढे होते. तुर्भ्याच्या गोदामातून निघालेला बारा पानी रिपोर्ट वाशीच्या ऑफिसात पोहोचतो, तिथे कुणीतरी तिसऱ्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि बेलापूरला बसलेल्या माणसापुढे नुसते आकडे येतात. कुठल्या महिन्याचे? रुपयांत की हजारांत? परत आलेला माल वजा केलाय का? शीर्षक पहिल्या पानावर राहिलं, रकान्यांची नावंही तिथेच, आणि खुलासा शेवटच्या पानावर. म्हणून इथली सगळी मांडणी एका अटीवर बेतली आहे: कुठलंही एक पान सुटं झालं तरी ते कशाचं, कधीचं आणि कोणत्या एककात आहे, हे त्या पानावरूनच कळायला हवं.

उदाहरणासाठी एक साधा रिपोर्ट घेऊ. नवी मुंबईतल्या दुकानांना माल पुरवणाऱ्या वितरकाची नोडनिहाय मासिक विक्री आणि येणे बाकी. नोड म्हणजे वाशी, ऐरोली यांसारखा शहराचा एकेक भाग. रकाने असे: अ. क्र., नोड, दुकान, बिलांची संख्या, विक्री, परत माल, जमा, येणे बाकी. पायऱ्या एक्सेलच्या आहेत. लिब्रेऑफिस आणि गुगल शीट्समधला फरक जिथे आडवा येतो तिथे सांगितला आहे.

शीर्षक सेलमध्ये, हेडर पानावर

एक्सेलमध्ये पानाच्या वर दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. पहिली म्हणजे शीटच्या सेलमध्ये लिहिलेलं शीर्षक. दुसरी म्हणजे पेज सेटअपमधलं हेडर, जे समासात छापलं जातं. या हेडरला सेलमधली किंमत (म्हणजे त्यातला आकडा किंवा मजकूर) थेट घेता येत नाही, त्यासाठी मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आतली छोटी आज्ञावली, लिहावा लागतो. म्हणजे ‘जून २०२५’ हेडरमध्ये हाताने टाइप केलंत, तर जुलैचा रिपोर्ट जूनच्या नावाने निघणार, आणि ते छापून झाल्यावरच लक्षात येणार.

म्हणून दर महिन्याला बदलणारं सगळं सेलमध्ये ठेवा. कधी न बदलणारं आणि छपाईच्या वेळी आपोआप ठरणारं तेवढंच हेडर-फुटरमध्ये जाऊ द्या: फर्मचं नाव, पान क्रमांक, फाइलचं नाव.

फाइलमध्ये तीन शीट करा. ‘डेटा’ या शीटमध्ये सॉफ्टवेअरमधून आलेला कच्चा माल, त्यावर कसलीही सजावट नाही. ‘सेटिंग’ या शीटमध्ये कालावधीची पहिली तारीख, शेवटची तारीख, बाकी कोणत्या तारखेअखेरची, डेटा कधी काढला, परिसर कोणता. तिसरं ‘छपाई’. यात वरच्या पाच ओळी अशा:

१. रिपोर्टचं नाव: ‘नोडनिहाय विक्री आणि येणे बाकी’. अक्षर १४ पॉइंट, ओळीची उंची २६.
२. कालावधी: ‘विक्री १ ते ३० जून २०२५, बाकी ३० जून २०२५ अखेर’. उंची २०.
३. एकक आणि व्याख्या: ‘सर्व रकमा रुपयांत, जीएसटीसह, विक्री परत माल वजा करण्यापूर्वीची’. उंची १८.
४. रिकामी ओळ, उंची फक्त ४.
५. रकान्यांची लेबलं, दोन ओळींत मावतील अशी. उंची ३८.

चौथी ओळ फुकटची वाटेल, पण ती काढू नका. रकान्यात एका सेलवर उभं राहून सॉर्टचं बटण दाबलं की एक्सेल चारही बाजूंनी रिकामी ओळ किंवा रकाना लागेपर्यंतचा भाग एक तक्ता समजतं. मध्ये फट नसेल तर शीर्षकाच्या ओळीही त्यात ओढल्या जातात आणि तक्त्याचा नेमका मथळा कोणता याचा एक्सेलचा अंदाज चुकू शकतो.

दुसऱ्या ओळीतला कालावधी ‘सेटिंग’ शीटमधून फॉर्म्युल्याने जोडायचा. इथे एक नेहमीची चूक होते. मजकुराला तारखेचा सेल नुसता जोडला तर ‘३० जून २०२५’ ऐवजी ४५८३८ छापून येतं, कारण एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. तारीख टेक्स्ट फंक्शनमध्ये गुंडाळून, तिचं रूप ठरवून मगच जोडा. महिन्याचं नाव मराठीत हवं असेल तर सगळ्यात बिनतोड उपाय म्हणजे ‘सेटिंग’मध्ये बारा महिन्यांची यादी ठेवायची आणि महिन्याच्या क्रमांकावरून नाव उचलायचं. असं केलं की दुसऱ्याच्या संगणकाची भाषा काहीही असली तरी नाव बदलत नाही.

‘पहिली तिमाही’ असं शीर्षकात कधीच लिहू नका. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे हिशेबनीसासाठी ती एप्रिल ते जून असते आणि परदेशी मुख्य कंपनीसाठी जानेवारी ते मार्च. ‘एप्रिल–जून २०२५’ लिहायला जास्त जागा लागत नाही.

आता तारखा. रिपोर्टला किमान दोन तारखा असतात: आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि डेटा सॉफ्टवेअरमधून कधी काढला. फुटरमधलं तारखेचं बटण यांपैकी एकही देत नाही. ते छपाईच्या दिवसाची तारीख टाकतं. जूनचा रिपोर्ट ऑगस्टमध्ये पुन्हा छापला तर त्यावर ऑगस्ट येतो, आणि मग दोन प्रतींवर दोन तारखा पाहून भांडण जुंपतं. टुडे फंक्शनचंही तेच. डेटा काढताच ‘सेटिंग’मध्ये कंट्रोल आणि अर्धविराम ही कळ दाबून तारीख कायमची उमटवा, ती पुढे हलत नाही. स्क्रिप्ट असेल तर स्क्रिप्टने ती किंमत म्हणून लिहावी, फॉर्म्युला म्हणून नको.

‘ठाणे’ म्हणजे नेमकं कुठलं?

या भागातल्या रिपोर्टमध्ये परिसराचं लेबल सगळ्यात जास्त घोटाळा करतं. ‘ठाणे’ हे शहर आहे, महापालिका आहे, तालुका आहे आणि जिल्हाही. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे ‘ठाणे जिल्हा’ असं लेबल लावलेल्या बेरजेत ऐरोली, वाशी, नेरूळ धरले जातात. ‘ठाणे शहर’ म्हटलं की ते बाहेर राहतात. ‘नवी मुंबई’चंही तसंच. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत खारघर, कळंबोली, कामोठे आहेत, पण हे नोड रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. विक्रीवाला खारघरला नवी मुंबईत धरतो, कर भरणारा पनवेलमध्ये. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून लेबलानेच सांगितलं पाहिजे: ‘नवी मुंबई (मनपा हद्द)’ किंवा ‘नवी मुंबई (खारघर ते कामोठे धरून)’.

जुन्या वर्षांशी तुलना असेल तर आणखी एक खुलासा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या ‘ठाणे जिल्हा’ या आकड्यात वसई, पालघर, डहाणू सगळं आहे. त्यानंतर आलेखात दिसणारी घसरण धंद्यातली नाही, नकाशातली आहे, आणि हे त्या रकान्याच्या लेबलावर खूण करून तळटिपेत लिहावंच लागतं.

नावांचं स्पेलिंग हा गटवार रिपोर्टचा हमखास शत्रू. डेटा भरणाऱ्या एकाने ‘कोपरखैरणे’ लिहिलं, दुसऱ्याने ‘कोपर खैरणे’. ‘नेरूळ’ आणि ‘नेरुळ’. ‘बेलापूर’ आणि ‘सीबीडी बेलापूर’. रिपोर्ट या प्रत्येकाचा वेगळा गट करतो आणि त्यांच्या वेगळ्या बेरजा काढतो. ‘सेटिंग’मध्ये दोन रकान्यांची यादी ठेवा: डेटात जसं येतं तसं, आणि रिपोर्टमध्ये जसं दिसायला हवं तसं. लेबल नेहमी दुसऱ्या रकान्यातून घ्या. यादीत न सापडलेलं नाव गुपचूप गाळू नका. ‘यादीत नाही’ अशा नावाचा गट करून तो रिपोर्टच्या शेवटी दाखवा, म्हणजे बेरीज जुळते आणि चूकही दिसते. दोन नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसूनही जुळत नसतील, तर वेबसाइटवरून किंवा चॅटमधून चिकटवताना न दिसणारा जोडचिन्हाचा कोड किंवा शेवटी स्पेस आलेली असते. सेलची लांबी मोजून पाहा. ‘ऐरोली’ची लांबी ५ यायला हवी, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ६ आली तर पाहुणा आहे.

हीच मोजणी शीटच्या नावालाही लागू होते. तिथे ३१ चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते; ‘कोपरखैरणे’ एकटंच ९ खातं. शीटच्या नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, तारा, विसर्गासारखा कोलन आणि चौकोनी कंस चालत नाहीत, त्यामुळे ‘एप्रिल/मे’ असं नाव देणारी स्क्रिप्ट तिथेच अडते.

रकान्यांची लेबलं

लेबलात काय मोजलं आणि कशात मोजलं, दोन्ही हवं. ‘विक्री’ पुरेसं नाही. ‘विक्री (₹)’ किंवा ‘विक्री (₹ लाख)’. ₹ चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते चौकोन म्हणून दिसतं. नव्या विंडोजमध्ये इंग्रजी (इंडिया) कीबोर्ड असताना उजवा ऑल्ट आणि ४ दाबून उमटतं. चिन्ह लेबलात एकदा द्या. प्रत्येक सेलमध्ये ₹ छापलं की रकाना रुंद होतो आणि आकडा वाचताना अडखळतं.

रकमा लाखांत दाखवायच्या असतील तर नुसत्या नंबर फॉरमॅटने भागणार नाही. फॉरमॅटच्या शेवटी स्वल्पविराम देऊन एक्सेल हजारांत किंवा दशलक्षांत दाखवू शकतं, लाखांत नाही. आकडा प्रत्यक्ष १,००,००० ने भागावा लागतो. तो ‘छपाई’ शीटमध्येच भागा, ‘डेटा’त मूळ रक्कम राहू द्या, आणि लेबल त्याच वेळी बदला.

स्वल्पविराम भारतीय पद्धतीने पडणं विंडोजच्या रीजन सेटिंगवर अवलंबून असतं. आपल्या संगणकावर १२,३४,५६७ दिसणारी फाइल अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर १,२३४,५६७ दिसते. फाइल बाहेर जाणार असेल तर कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यात दोनच अटी मावतात. त्यामुळे उणे रकमा तिसऱ्या भागात जातात आणि मोठी उणे रक्कम पुन्हा परदेशी पद्धतीने छापली जाते. परत माल उणे दाखवणाऱ्या रकान्यात उणे आकड्यांसाठी वेगळा फॉरमॅट कंडिशनल फॉरमॅटिंगने लावा, नाहीतर रक्कम धन ठेवून लेबलातच ‘वजा: परत माल (₹)’ लिहा. दुसरा मार्ग सोपा आणि वाचणाऱ्यालाही सोयीचा.

आकड्यांच्या रकान्याचं लेबल उजवीकडे, मजकुराच्या रकान्याचं डावीकडे. सरसकट मधोमध लावलेली लेबलं रुंद रकान्यात आपल्या आकड्यांपासून तुटतात आणि शेजारच्या रकान्याची वाटतात. लांब लेबल ऑल्ट-एंटर दाबून हव्या त्या जागी तोडा. रॅप टेक्स्टवर सोडलं तर रकान्याची रुंदी थोडी बदलताच ओळ भलत्याच जागी तुटते.

शीर्षक मधोमध आणायला मर्ज अँड सेंटर वापरायची सवय सोडा. मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट अडतं, रकाना निवडताना शेजारचे रकाने ओढले जातात, आणि ओळीची उंची आपोआप जुळत नाही. फॉरमॅट सेल्स, अलाइनमेंट, हॉरिझाँटल या वाटेने ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ निवडा. दिसतं तसंच, त्रास शून्य. ‘विक्री’, ‘परत माल’ आणि ‘जमा’ या तिघांवर ‘महिन्यातील व्यवहार’ असा पट्टा हवा असेल तर तोही याच पद्धतीने करा, पण पट्ट्याची ओळ ‘छपाई’ शीटमध्येच. ‘डेटा’त लेबलांची ओळ एकच आणि प्रत्येक नाव वेगळं हवं. टेबल केल्यावर एकच नाव दोनदा असेल तर एक्सेल दुसऱ्याच्या पुढे आपणहून अंक चिकटवतं, आणि ‘रक्कम’, ‘रक्कम२’ यांतली कुठली कशाची ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक पानावर शीर्षक आणणं

पेज लेआउट, प्रिंट टायटल्स, ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ इथे पहिल्या पाच ओळी निवडा. ओळी सलग असाव्या लागतात, पहिली आणि पाचवी एवढ्याच असं चालत नाही. ही खिडकी प्रिंट प्रिव्ह्यूमधल्या पेज सेटअपमधून उघडली तर तो चौकोन फिकट दिसतो आणि काही लिहिता येत नाही. पेज लेआउट टॅबवरून उघडा. सेलमध्ये काही टाइप करत असताना किंवा एकापेक्षा जास्त शीट निवडलेली असतानाही तो बंद राहतो.

फ्रीझ पेन्सचा छपाईशी संबंध नाही. स्क्रीनवर शीर्षक अडकून राहतं म्हणजे कागदावरही राहील, हा समज रोज कुणाचा तरी कागद वाया घालवतो. गुगल शीट्समध्ये मात्र तसा संबंध आहे: प्रिंटच्या खिडकीत ‘रिपीट फ्रोझन रोज’वर खूण केली की गोठवलेल्या ओळी प्रत्येक पानावर येतात. लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅट, प्रिंट रेंजेस, एडिट.

हेडर-फुटरमध्ये डावा, मधला, उजवा असे तीन भाग असतात. त्यात अडचणी कुठे येतात ते पाहा. फर्मच्या नावात ‘&’ असेल तर तो छापला जात नाही, कारण हे चिन्ह म्हणजे पुढे कोड येतोय अशी खूण. ते दोनदा टाइप करावं लागतं: ‘&&’. अक्षराच्या आकाराचा कोड आणि अंकाने सुरू होणारा मजकूर लागून आले तर एक्सेल दोन्ही अंक जोडून भलामोठा आकार समजतं. स्क्रिप्टने हेडर लिहिताना मध्ये एक स्पेस सोडा. सगळे कोड आणि फॉन्टची नावं धरून २५५ चिन्हांची मर्यादा आहे.

हेडर मोठं झालं म्हणून एक्सेल मजकूर खाली सरकवत नाही. नेहमीच्या समासात वरचा समास ०.७५ इंच आणि हेडर कडेपासून ०.३ इंचावर असतं. दोन ओळींचं देवनागरी हेडर त्यात मावत नाही, ते पहिल्या ओळीवर चढतं. वरचा समास १ इंच करा. लिब्रेऑफिसमध्ये पेज स्टाइलमध्ये हेडरला आपोआप उंची घेण्याची सोय आहे, तिथे ही कटकट नाही.

पान क्रमांक इंग्रजी क्रमाने बसवला तर ‘पान ३ पैकी १२’ असं उलटं वाचलं जातं. एकूण पानांचा कोड आधी घ्या: ‘एकूण १२ पैकी पान ३’. सरळ ‘पान ३/१२’ लिहिलं तरी चालतं. पूर्ण वर्कबुक एकदम छापलं तर क्रमांक एका शीटवरून दुसऱ्यावर पुढे चालू राहतो. प्रत्येक नोडचं शीट १ पासून हवं असेल तर पेज सेटअपमध्ये ‘फर्स्ट पेज नंबर’ला १ द्या. फाइलचं नाव फुटरमध्ये ठेवा, पूर्ण पाथ नको. बाहेर जाणाऱ्या कागदावर तुमच्या सर्व्हरची फोल्डर-रचना कशाला?

कागद ए-४ आहे का तेही पाहा. परदेशी टेम्पलेट लेटर आकारावर असतात: ए-४ २१० × २९७ मिलिमीटर, लेटर साधारण २१६ × २७९. लेटरवर बेतलेलं पान ए-४ वर छापलं की पान कुठे तुटणार त्याचं गणित चुकतं. ‘फिट’मध्ये रुंदी १ पान आणि उंची ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. उंचीही १ राहिली तर बारा पानं एका पानात कोंबली जातात. आणि स्केल ७० टक्क्यांखाली जात असेल तर रकाने कमी करा किंवा पान आडवं करा, अक्षरं बारीक करत बसू नका.

बेरजा आणि ‘मागील पानावरून’

खातेवहीत प्रत्येक पानाच्या तळाशी पानाची बेरीज आणि पुढच्या पानाच्या वर ‘मागील पानावरून’ लिहिण्याची जुनी रीत आहे, आणि ऑडिटवाले ती आजही मागतात. एक्सेलमध्ये ही सोय तयार नाही. ती बांधावी लागते, आणि त्यासाठी एका पानावर किती ओळी बसतात ते आधी ठरवावं लागतं.

ए-४ ची उंची ८४२ पॉइंट. वरचा समास १ इंच म्हणजे ७२, खालचा ०.७५ इंच म्हणजे ५४. उरले ७१६. वरच्या पाच ओळी २६ + २० + १८ + ४ + ३८ म्हणजे १०६. राहिले ६१०. ओळीची उंची १८ धरली तर ३३ ओळी. त्यातल्या दोन ‘मागील पानावरून’ आणि ‘येथपर्यंतची बेरीज’ यांना. एक ढिलाईसाठी सोडा, कारण प्रिंटर बदलला की किंचित फरक पडतो. म्हणजे दर ३० नोंदींनंतर बेरजेची ओळ आणि लगेच हाताने टाकलेला पेज ब्रेक. हाताने टाकलेले पेज ब्रेक ‘फिट’ निवडलेलं असताना एक्सेल मानत नाही, म्हणून या शीटला ‘ॲडजस्ट टू’ १०० टक्के ठेवा आणि रकान्यांची रुंदी आधीच मापात बसवा.

या ओळींत साधं सम फंक्शन वापरलं तर शेवटच्या बेरजेत मधल्या बेरजाही मिळवल्या जातात आणि रक्कम फुगते. सबटोटल फंक्शन वापरा. ते आपल्या टप्प्यातली इतर सबटोटल सोडून देतं. एक खाच मात्र आहे. ‘मागील पानावरून’ या ओळीत मागच्या बेरजेच्या सेलचा नुसता संदर्भ दिला तर ती सबटोटल राहत नाही, सामान्य आकडा होते, आणि मोजली जाते. तिथेही पहिल्या नोंदीपासून वरच्या ओळीपर्यंतचं सबटोटलच लिहा. फंक्शनचा क्रमांक ९ दिला तर हाताने लपवलेल्या ओळी बेरजेत धरल्या जातात, १०९ दिला तर गाळल्या जातात. फिल्टरने गेलेल्या ओळी दोन्हींत गाळल्या जातात. कागदावर दिसतं तेवढ्याचीच बेरीज हवी असेल तर १०९.

बेरजेच्या ओळीला पूर्ण नाव द्या: ‘ऐरोली, एकूण (४२ दुकानं)’. नुसतं ‘एकूण’ सुट्या पानावर निरुपयोगी. डेटा टॅबवरचं सबटोटलचं बटण गट पाडून बेरजा आणि हवे तर पेज ब्रेकही टाकतं, पण आधी त्याच रकान्यावर सॉर्ट केलेलं हवं, नाहीतर ऐरोली पाच ठिकाणी येते. आणि त्याची लेबलं इंग्रजी येतात; फाइंड अँड रिप्लेसने ती बदलून घ्या.

तळटिपा

तळटिपेत तीनच गोष्टी असाव्यात: खुणांचा अर्थ, व्याख्या, डेटाचा उगम. शून्य, रिकामं आणि माहिती नाही या तीन वेगळ्या अवस्था आहेत. त्या महिन्यात विक्रीच झाली नाही तर ‘–’, दुकान अजून सुरू झालं नसेल तर रिकामं, आकडाच आला नसेल तर ‘उ. ना.’, आणि तळाशी: ‘– म्हणजे शून्य, उ. ना. म्हणजे उपलब्ध नाही’. शून्याच्या जागी रेघ दाखवायला आकडा पुसू नका, फॉरमॅट द्या: #,##0;-#,##0;"–". सेलमध्ये शून्यच राहतं.

आकड्याला तारा लावायचा तर तो सेलमध्ये टाइप केल्यावर आकडा मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. त्या एका सेलला #,##0"*" असा फॉरमॅट द्या. शक्य असेल तर खूण आकड्याला न लावता लेबलाला लावा. अंकाची खूण तर नकोच. ४५० च्या डोक्यावरचा बारीक २ फोटोत ४५०२ दिसतो.

एक्सेलला ‘प्रत्येक पानाच्या तळाशी या ओळी’ असा पर्याय नाही, वर आहे तसा. म्हणून जी टीप नसेल तर आकडा चुकीचा वाचला जाईल, ती खाली न ठेवता तिसऱ्या ओळीत वर न्या. बाकीच्या शेवटच्या पानावर. शेवटच्या पानावर फक्त सही आणि एक टीप उरत असेल तर मागच्या पानावरच्या दोन-तीन नोंदी पुढे ढकला. एकट्या सहीचं पान कुठल्याही रिपोर्टला जोडता येतं.

पिव्होट

पिव्होट म्हणजे डेटाचे गट पाडून आपोआप बेरजा देणारा तक्ता. त्याची लेबलं वापरणाऱ्याने बदलली नाहीत तर ‘सम ऑफ अमाउंट’, ‘रो लेबल्स’ अशीच छापली जातात. डिझाइन टॅबवर रिपोर्ट लेआउटमध्ये टॅब्युलर फॉर्म निवडा, म्हणजे ‘रो लेबल्स’ जाऊन खरी नावं येतात, आणि ‘रिपीट ऑल आयटम लेबल्स’ने नोडचं नाव प्रत्येक ओळीत येतं. किमतीच्या रकान्यावर थेट ‘विक्री’ टाइप केलं तर असं नाव आधीच आहे म्हणून नकार मिळतो; शेवटी एक स्पेस द्या, चालतं. ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट’ची खूण काढा, नाहीतर प्रत्येक रिफ्रेशला मापात बसवलेली रुंदी उडते. त्याच खिडकीच्या प्रिंटिंग टॅबवर ‘सेट प्रिंट टायटल्स’ आहे.

देवनागरीची काळजी

फॉन्ट युनिकोडच हवा: निर्मला यूआय, मंगल, कोकिळा, किंवा नोटो सान्स देवनागरी. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली लेबलं दुसऱ्या संगणकावर अगम्य होतात, शोधता येत नाहीत आणि सॉर्टही होत नाहीत. ११ पॉइंटच्या देवनागरीला ओळीची उंची १८ ते २० ठेवा. रोमन लिपीच्या हिशेबाने आलेल्या १५ मध्ये रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. लेबल अधोरेखित करू नका, रेघ उकारांवरून जाते. ठळक करा, किंवा मागे १० ते १५ टक्के करडी छटा द्या; त्याहून गडद छटा झेरॉक्समध्ये काळी होते.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल डबल-क्लिक करून उघडल्यावर मराठी लेबलांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर फाइल बिघडलेली नाही. डेटा टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, यूटीएफ-८ निवडा.

पीडीएफ थेट स्क्रिप्टने काढत असाल तर पहिली चाचणी ‘विक्री’ या शब्दावर घ्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर गेली किंवा ‘क्र’ फुटला, तर त्या लायब्ररीत अक्षरजुळणी होत नाही. पायथनच्या एफपीडीएफ-२ या लायब्ररीत ही जुळणी, म्हणजे टेक्स्ट शेपिंग, मुद्दाम सुरू करावी लागते. एचटीएमएलवरून पीडीएफ करणाऱ्या वीझीप्रिंटसारख्या साधनात ही अडचण सहसा येत नाही. पायथनमध्ये चार्ट काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या चार्टमध्ये लेबलांऐवजी चौकोन दिसतात, कारण त्याच्या नेहमीच्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

स्क्रिप्ट आणि चार्ट

पांडाज या पायथनच्या डेटा-लायब्ररीने थेट एक्सेल फाइल लिहिली तर लेबलांना त्याचा स्वतःचा फॉरमॅट लागू शकतो आणि तो नंतर सहज बदलत नाही. डेटा सहाव्या ओळीपासून लेबलांशिवाय लिहा, अनुक्रमणिकेचा रकाना बंद करा, आणि पाचवी ओळ एक्सएलएसएक्स-रायटर या एक्सेल फाइल लिहिणाऱ्या लायब्ररीने स्वतः लिहा. पुनरावृत्तीच्या ओळी, फ्रीझ, कागदाचा आकार हे तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं. ए-४ चा क्रमांक ९.

चार्टचं शीर्षक टाइप करू नका. शीर्षक निवडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह द्या, ‘छपाई’तल्या पहिल्या ओळीच्या सेलवर क्लिक करा, एंटर. अक्षावर एकक लिहा. नोडची नावं खाली उभी किंवा तिरपी छापली जात असतील तर आडव्या पट्ट्यांचा चार्ट घ्या. त्यात क्रम खालून वर येतो, तो अक्षाच्या सेटिंगमध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’ने सरळ होतो.

पाठवण्यापूर्वी पीडीएफ काढा आणि पहिलं पान वगळून दुसरं, मधलं एक आणि शेवटचं पान मोबाइलवर उघडा. मग ‘सेटिंग’मधला महिना बदलून पुन्हा पीडीएफ काढा आणि जुन्या महिन्याचं नाव त्यात शोधा. जिथे सापडेल तिथे कुणीतरी हाताने टाइप केलेलं आहे.